पितराचा पाट

हर्षलला पितर बसवायचं ठरलंय, ही बातमी मला शाळेच्या शिपायानं चहाबरोबर दिली. वर म्हणाला, "बरं झालं मॅडम, पोऱ्याचं मन रमेल." मी कप तसाच खाली ठेवला. मन रमेल! मेलेल्या मित्राच्या नावानं पाटावर बसून पुरणपोळी खाल्ली की नववीतल्या पोराचं मन रमतं, असं आमच्या गावात शिपायापासून सरपंचापर्यंत सगळ्यांनाच वाटत होतं.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधतात, बाप्ये पत्ते कुटतात. आणि त्याच दिवशी घरोघर पितरांना जेवू घालतात. पाण्यानं भरलेली घागर पुजायची, निखाऱ्यावर घास टाकून आगारी द्यायची आणि भावकीबाहेरचा एक माणूस पाटावर बसवून त्याला गेलेल्याच्या नावानं पोटभर वाढायचं. तो त्या दिवसापुरता पितर. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलेलं असतं तिथली पहिली आखाजी फार जड जाते. एरवी म्हातारा जातो, दुसरा म्हातारा पाटावर बसतो, सगळं रीतीनं होतं. पण दुर्गेश नववीत होता. त्याची आजी बेबाबाई म्हणाली, कुंवारा गेला तर पितरही कुंवारा पाहिजे आणि त्याच्या जिवाभावाचा पाहिजे. म्हणजे हर्षल. पाचवीपासून दोघं एकाच बाकावर बसत.

दुर्गेश जानेवारीत गेला, संक्रांतीनंतर. त्यांच्याच शेतातल्या विहिरीत, आमच्या बोलीत 'हिरमा', सापडला. गाव म्हणालं पाय घसरला, आणि कागदावरही तेच आलं. त्या विहिरीला कमरेएवढा कठडा आहे. कमरेएवढ्या कठड्यावरून पाय कसा घसरतो, हे कोणी विचारलं नाही. आम्ही शाळेनंही नाही. आम्ही दोन मिनिटं शांत उभे राहिलो आणि सुट्टी दिली.

खरं तर दुर्गेश दिवाळीपासूनच बिघडत चालला होता. वर्गात झोपायचा, कबड्डी सोडली होती, डबा तसाच परत न्यायचा. आमच्या देवरे सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, त्याला मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर बसवलं आणि आमचा उपाय संपला. आळशी झालाय, मोबाइल काढून घ्या, असा निरोप घरी गेला. तो गेल्यावर मग वरून पत्र आलं, की प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकाला मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण द्यायचं. दोन दिवस धुळ्याला जायचं म्हटल्यावर सगळ्यांना घरची कामं आठवली. मी विज्ञान शिकवते, नवरा नोकरीमुळे वरणगावला, पोरगी पुण्याला. मला घरचं काम नव्हतं. गेले. तिथं आम्हाला फुगे फुगवायला लावले. फुग्यावर आपला ताण लिहायचा आणि टाचणीनं फोडायचा. जेवण चांगलं होतं. परत आले तर देवरे सरांनी खेळाच्या सामानाच्या खोलीवर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी रंगवून घेतली होती. दोन दिवसांत समुपदेशक! साधी कुरडई करायला याहून जास्त शिकावं लागतं.

पण पाटी लागली होती आणि हर्षल माझ्या वर्गात होता. हा हर्षल म्हणजे पूर्वीचा तोंडाळ पोरगा. फळ्याकडे पाठ केली की याची टकळी सुरू. त्याला मी कितीदा वर्गाबाहेर उभं केलं असेल. जानेवारीनंतर तो गप्प झाला तो झालाच. विचारलं की "हो", "नाही". शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. एकदा मधल्या सुट्टीत त्याची आई सारिका शाळेजवळून जाताना खोकली, तर हा खिडकीपाशी धावत गेला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभा राहिला. मी सारिकाला गाठून विचारलं. ती कौतुकानं म्हणाली, "मॅडम, लई जीव लावस तो माले. रातले उठी उठी मना नाकखाले हात धरी देखस. मी म्हनस, झोप ना रे बाबा, जित्ती शे मी."

मला त्यात कौतुक दिसेना. पण काय दिसतंय तेही कळेना.

मी त्याला प्रश्न विचारणं बंद केलं. खोलीत मोडक्या लेझमा पडल्या होत्या, त्या दुरुस्त करायला त्याला रोज शाळा सुटल्यावर बोलावू लागले. चकत्या निसटलेल्या, साखळ्या तुटलेल्या. तो खाली मान घालून तार वळवायचा, मी वह्या तपासायचे. फेब्रुवारी असाच गेला. मार्चमध्ये एक दिवस तार वळवता वळवता तो म्हणाला, "मॅडम, कोणी आन घातली आणि 'सुटली' म्हणायच्या आधीच तो निघून गेला, तर?"

आन म्हणजे शपथ. पोरांमधला हा कायदा आपल्याला सगळ्यांना पाठ असतो. आईची शपथ घातली की ती लागते, मोडली तर आई मरते, आणि ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हटलं तरच सुटते. दुसऱ्या कोणी म्हणून चालत नाही. आम्हीही लहानपणी एकमेकींच्या मागे "सुटली म्हण ना गं" करत फिरलोय.

"कुठं गेला?" मी विचारलं.

"गावाला."

तो खोटं बोलत होता आणि मला ते कळलंय, हे त्यालाही कळलं. मी जपून म्हटलं, "कशाबद्दलची आन होती?" त्यानं लेझीम खाली ठेवली, दप्तर उचललं आणि गेला. दुसऱ्या दिवशी खोलीत आला नाही, त्यानंतरही नाही.

एवढं मात्र मला उमगलं, की या पोराच्या पोटात काहीतरी आहे, ते बाहेर आलं नाही तर ते त्याला खाईल, आणि माझ्या फुग्यांनी ते निघणार नाही. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराच्या एक डॉक्टर बाई आहेत. मी फोन करून त्यांच्याशी बोलले, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, लवकर आणा. आता घरच्यांना पटवायचं. हर्षलचा बाप रोहिदास भाजीची पिकअप चालवतो. तो म्हणाला, "मना पोऱ्याले येडा ठरावतस का मॅडम? उद्या कोन पोरगी दी त्याले?" चौदा वर्षांच्या पोराच्या लग्नाची काळजी आधी. मी तीनदा गेले, चौथ्यांदा गेले. शेवटी सारिकाच म्हणाली, "आखाजी व्हवू द्या मॅडम. आखाजीना दुसरा दिन मी सोता लई येसू." मी हो म्हटलं. आखाजीत काय वाढून ठेवलंय हे तेव्हा कोणाला माहीत होतं!

आणि आता हे पितराचं. शिपायाचा चहा टाकून मी तडक सारिकाकडे गेले. ती दारात कुरडया वाळत घालत होती. मी विचारलं, "तू हो कशी म्हणालीस?"

"नही कशी म्हनू? सुनिता अक्का सोता उनी व्हती. पदर पसरी बसनी आठे, ह्या पायरीवर." सुनिता म्हणजे दुर्गेशची आई. "ती बी माय शे मॅडम. तिना पोऱ्या गया नि मना जित्ता शे, नि मी तिले नही म्हनू?"

मी म्हटलं, "आणि हर्षल?"

"तो तर लगेच हो म्हनना. माले वाटनं रडी, नही म्हनी. तो म्हने, मी बससू."

हर्षल आत खाटेवर बसला होता. मी जवळ बसले. "तुला खरंच बसायचंय?"

"हो."

"का रे?"

त्यानं खूप दिवसांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. "पितर बसवतात तेव्हा तो येतो ना, मॅडम? ज्याच्या नावाचं असतं तो?"

मी विज्ञानाची शिक्षिका. नाही येत, असं म्हणायचं माझं काम. पण त्या डोळ्यांकडे बघून माझी जीभ रेटेना. मला वाटलं, मित्राची आठवण येत असेल. मी म्हटलं, "लोक तसं मानतात." तो "बरं" म्हणाला.

देवरे सरांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला. "बोरसे मॅडम, धार्मिक बाबतीत शाळेनं पडू नये. उद्या लोक म्हणतील, मास्तर आखाजीवर उठले." मी म्हटलं, पोराच्या जिवाचं काय? ते म्हणाले, "त्यासाठीच तर कक्ष उघडलाय ना." त्या पाटीचा त्यांना केवढा आधार होता!

मग सुनिताकडेच गेले. ती पुढच्या छपरात गहू निवडत बसली होती. चार महिन्यांत बाई अर्धी झाली होती. तिचा नवरा प्रकाश, दुर्गेशचा 'नाना', खाटेवर आडवा होता, मला बघून उठून बाहेर गेला. मी शब्द जुळवून आणले होते. मुलाच्या मनावर परिणाम, वय लहान, म्हाताऱ्या माणसाला बसवता येईल. सुनितानं सगळं ऐकलं. सुपातले खडे काढत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, माले त्याले एक येळ जेवताना देखनं शे. शेवटला दिन तो जेवना नही. उपाशी गया तो." मी उठले. माझे शब्द तिथंच त्या सुपात राहिले.

आखाजीच्या दिवशी मी गेले, बोलावलं होतं म्हणून आणि न जाणं जमणार नव्हतं म्हणून. गल्लीच्या तोंडाशी निंबावर झोका होता, सासरहून आलेल्या पोरी गात होत्या. प्रकाशच्या घराशी आल्यावर गाणं ऐकू येत होतं तरी तिथं सगळे हलक्या आवाजात बोलत होते. ओसरीवर बाप्ये, आत बाया. चुलीवर खापर टाकलेलं, त्यावर पुरणाच्या मोठमोठ्या पोळ्या भाजत होत्या. आमरसाचं पातेलं भरलेलं. कोपऱ्यात नवी घागर, तिच्यावर खरबूज. आणि मधोमध पाट.

हर्षलला नवे कपडे घातले होते. निळ्या चौकड्यांचा शर्ट. सुनितानं शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं, की दुर्गेशनं दिवाळीला असाच मागितला होता आणि तेव्हा घेतला नव्हता. शर्ट हर्षलला मोठा होत होता. दुर्गेश अंगानं भरलेला पोरगा होता, त्याच्या मापाचा आणलेला. बेबाबाईनं त्याच्या कपाळाला गंध लावलं, हात जोडले आणि पाया पडली. सत्तरीची म्हातारी नातवाएवढ्या पोराच्या पाया पडली. हर्षल हलला नाही.

मग त्याला वाढलं. मला वाटलं होतं घास उतरणार नाही. पण तो जेवला. आधी कुरडई खाल्ली, मग वाटी तोंडाला लावून रस प्यायला, मग पोळी. सुनिता खांबाला टेकून बघत होती. म्हणाली, "तो बी कुरडई पहिले खाये." कोणीतरी हुंदका दिला. सारिका दारात उभी होती. हर्षल प्रत्येक दोन घासांनी मान वर करून तिच्याकडे बघत होता, आहे ना, आहे ना, असं.

जेवण संपल्यावर पितराला विचारायची रीत आहे. बेबाबाई पाटासमोर बसली. "दुर्गेश, पोट भरनं का रे बाप्पा? काही राही गयं व्हई ते सांगी दे. मंग सुखमा जाय." याचं उत्तर ठरलेलं असतं. पितर म्हणतो, भरलं, समाधान झालं. मग घरधनी त्याच्या हातावर पाणी घालतो आणि पितर उठतो. प्रकाश तांब्या घेऊन उभाच होता.

हर्षलनं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले. ओठ हलले. मग म्हणाला, "सुटली."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. काय सुटली? बेबाबाईनं कानाला हात लावला, "काय म्हनस?"

"सुटली," तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं.

त्या घरात त्या शब्दाचा अर्थ फक्त मला कळला. या पोराला मित्राची आठवण येत नव्हती. त्याला मित्राकडून एक शब्द हवा होता, आणि तो शब्द जिवंत माणसांत कोणीच देऊ शकत नव्हतं. म्हणून तो पाटावर बसला होता.

त्यानं डोळे उघडले, सारिकाकडे पाहिलं. ती उभी होती. तेव्हा त्यानं श्वास सोडला आणि बोलायला लागला. स्वतःच्या आवाजात, घाईघाईत, पूर्वी वर्गात बोलायचा तसा.

"दुर्गेशना हातनी मोटर जळी गयी व्हती. नानांनी त्याले हानं नही. फक्त बोलनात, जाय, हिरमा उडी टाक, मनी कटकट मिटी. मंग तो मनाकडे उना. म्हने, मी जास. मी म्हनं, कोठे? म्हने, नाना सांगतस तठे. मी हसनू. तो दिवाळीपाईन असंच बोलत व्हता. झोप येत नही म्हने, डोकं मधमा दुखस म्हने, मरी जावू का म्हने. मी म्हनं, घर सांग. त्यानी माले मनी मायनी आन घाली. कोनले सांगं ते तुनी माय मरी. मंग मी घर गऊ." तो थांबला. "मी जेवनू. आनि झोपी गऊ."

झोक्यावरच्या पोरींचं गाणं तेवढं ऐकू येत होतं.

प्रकाश म्हणाला, "मी असं बोलनू नही." तो पुन्हा म्हणाला, "पोऱ्याले काय समजस? मी बोलनूच नही."

बस, तेवढं पुरे झालं. लोकांना धरायला काहीतरी मिळालं. ओसरीवरून एक जण म्हणाला, पोराच्या अंगात आलंय, भगताला बोलवा. आणि सुनिताची जाऊ पुढे सरकली, तिनं हर्षलच्या नव्या शर्टाला धरलं. "तुले माहीत व्हतं? येक बोल सांगी देता ते पोऱ्या आज जित्ता ऱ्हाता! आनि तू जेवना? झोपना?"

हर्षलचा चेहरा मी बघितला. जानेवारीपासून रोज रात्री त्यानं स्वतःला हेच विचारलं असणार. आता ते मोठ्या माणसाच्या तोंडून आलं. मला इतका संताप आला की मी त्या बाईचा हात धरून झटकला. "सोडा त्याला! लेकरू आहे ते! आम्ही शाळेत दिवाळीपासून बघत होतो, तुम्ही घरात बघत होतात, कोणाला दिसलं नाही, आणि जाब या पोराला विचारता?" मी ओरडत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. सारिका गर्दीतून वाट काढत होती. प्रकाश परत म्हणाला, "मी बोलनू नही."

"बोलनात तुम्ही."

सुनिता अजून खांबालाच टेकून होती. आवाजही चढवला नव्हता. "मी चूलमव्हरे भाकरी थापत व्हती. मी ऐकं. आनि मी भाकरी थापत ऱ्हायनी." ती नवऱ्याकडे न बघता बोलत होती. "आपलं रोजचंच शे ना ते. मर जाय, हिरमा जाय. मीबी बोलस. सासूबाईबी बोलतस. कोन मरस त्यानी? माले वाटनं, येई भुकेजीसन, भाकरी टाकी ठेवू."

बेबाबाईनं तोंडात पदर कोंबला. प्रकाशनं तांब्या खाली ठेवला, चप्पल न घालता ओसरी उतरला आणि गल्लीतून निघून गेला. झुलाल आबा, त्याचा चुलता, दोन माणसं घेऊन त्याच्या मागे धावला. कुठल्या दिशेनं धावला हे सांगायला नको. प्रकाश विहिरीपाशीच सापडला, कठड्याला धरून बसलेला. माणसांनी त्याला उचलून आणलं. तो आजपर्यंत कोणाशी बोललेला नाही.

पितराच्या हातावर पाणी घालायचं राहिलं होतं. सुनितानं तांब्या उचलला, हर्षलचे उष्टे हात आपल्या हातात घेऊन धुतले, बोटं एकेक करून धुतली, पदरानं पुसली. "जाय, हर्षल," ती म्हणाली. नाव त्याचं घेतलं. पण तोंडाकडे पाहिलं नाही, आणि तिच्याकडून तेवढंही मागणं कोणाला शोभलं नसतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की प्रकाशच्या घरी पितर बोलला. रोहिदास भगताला आणायला गाडी काढत होता. सारिका गाडीपुढे उभी राहिली. "भगत नको. सकाळनी एसटीनी मी धुळं जास. तुम्हीन येवा ना येवा." पंधरा वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच असं बोलली असावी, कारण रोहिदासनं गाडी बंद केली.

सकाळी एसटीत आम्ही तिघं. हर्षल मधे. सारिकाच्या पदराचं टोक त्यानं मुठीत धरलं होतं. ती म्हणाली, कालपासून सोडलेलं नाही, झोपेतही नाही. गाडी हायवेला लागल्यावर तिनं हळूच विचारलं, "म्हनीसन तू रातले उठस का रे? मना नाकखाले हात धरस?" त्यानं मान हलवली. सारिका खिडकीकडे वळली ती धुळं येईपर्यंत वळलीच नाही. तिचे खांदे मला दिसत होते.

"मॅडम," हर्षल मला म्हणाला, "सुटली कोण म्हणलं? तो म्हणला, की मीच म्हणलो?"

प्रशिक्षणाच्या वहीत याचं उत्तर नव्हतं. तो म्हणाला, असं सांगितलं तर खोटं. तूच म्हणालास, असं सांगितलं तर आन तशीच. मी म्हटलं, "मला माहीत नाही रे."

"मलापण नाही माहीत," तो म्हणाला. "डोळे मिटले तेव्हा काहीच झालं नाही. मी वाट बघितली. मग मला वाटलं, सगळे थांबलेत, म्हणून म्हणून टाकलं." थोड्या वेळानं म्हणाला, "म्हणजे सुटली नसेल तर?" पुढच्या ट्रकच्या धुरानं सारिकाला ठसका लागला आणि त्याची मूठ आवळली. ठसका थांबेपर्यंत तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

दवाखान्यात गर्दी होती. नंबर आला तेव्हा नर्स म्हणाली, मुलाला एकट्याला आत पाठवा, आईनं बाहेर बसावं. हर्षल जागचा हलला नाही. नर्सनं पदर सोडवायला हात पुढे केला तशी तिचा हात सारिकानंच बाजूला केला. आतून डॉक्टर बाईंचा आवाज आला, "राहू दे, दोघांना येऊ दे." मी दारातच थांबले.

दोन खुर्च्या होत्या, पण तो बसला नाही. आईला चिकटून उभा राहिला. डॉक्टर बाईंनी त्याला काहीच विचारलं नाही. फोनवर मी जे सांगितलं होतं आणि काल रात्री जे कळवलं होतं ते त्यांच्या लक्षात असावं. त्या सारिकाला म्हणाल्या, "ताई, तुमची तब्येत कशी आहे?"

सारिका गोंधळली. "मी? माले काय व्हयनं? मी बरी शे."

"मला नको. त्याच्याकडे बघून सांगा."

सारिका वळली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्या ढगळ निळ्या शर्टाकडे पाहिलं, जो त्यानं अजून अंगातून काढू दिला नव्हता. "मी बरी शे, हर्षल," ती म्हणाली.

त्यानं ऐकलं. मग भरदिवसा, आम्हा सगळ्यांच्या देखत, त्यानं मोकळा हात उचलला आणि तिच्या नाकाखाली धरला, रोज रात्री धरतो तसा. डॉक्टर बाई थांबल्या. बाहेर पुढचा नंबर पुकारला गेला, तरी त्यानं हात काढला नव्हता.